शिफ्ट बदलते, शहर थांबत नाही: सवयीचा खुंटा कुठे ठोकायचा?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वय २६, गाव केज तालुक्यात, आयटीआय फिटर. ३ वर्षांपासून वाळूजच्या एका कंपनीत, राहायला रांजणगावात चौघांत एक खोली. गावी असताना पहाटे ५ ला उठून पळायचात, रात्री तासभर वाचायचात. इथं आल्यावर दोन्ही सुटलं. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, खोलीत कुणीतरी कायम झोपलेलं असतं नाहीतर रील बघत बसलेलं असतं, पाण्याचा टँकर कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि हातातला मोबाईल सुटत नाही. डिप्लोमाला जायचंय म्हणून गणित पक्कं करायचंय. ४ वेळा पाचला उठायचा निश्चय केला आणि चारही वेळा दहा दिवसांच्या आत मोडला. शेवटी तुम्ही विचारलंय, "मॅडम, माझ्यात शिस्तच उरली नाही का?"

मी छत्रपती संभाजीनगरात २२ वर्षं समुपदेशन करते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत काम करणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. त्यामुळे उत्तर जरा लांबलं तरी चालेल, असं धरून लिहिते.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच वाक्य करतंय. गावी तुम्ही पाचला कसे उठत होतात ते नीट आठवा. मी अंदाजाने सांगते. साडेचारला आई उठून अंगण झाडत असेल. म्हशीची धार काढायची घाई असेल, कारण डेअरीवर दूध ठरलेल्या वेळेतच घेतात. कार्तिकात देवळातला काकडा ऐकू येत असेल. बाहेर पडलं की पोलीस भरतीची तयारी करणारी पाच-दहा पोरं डांबरी रस्त्यावर पळत असतील आणि त्यातलं एखादं तुम्हाला हाक मारत असेल. रात्री आठला जेवणं, नऊला गाव गप्प. अशा रात्री पुस्तक आपोआप हातात येतं.

संध्याकाळी रानातून परतलेली गाय कुणी न हाकता आपल्या खुंट्याशी जाऊन उभी राहते. सवय म्हणजे हेच. आता तो खुंटा उपटून ठेवा आणि बघा, तीच गाय अंगणभर फिरत राहील. ती काही एका रात्रीत बेशिस्त झालेली नसते. तुमचे सगळे खुंटे केज तालुक्यात राहिले, आणि तुम्ही एकटेच एसटीत बसून इकडे आलात. जे हरवलंय ते तुमच्या आत शोधू नका.

ही माझी नुसती कल्पना नाही. अमेरिकेत वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांचा व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही बघणं या सवयींचं पुढे काय होतं, ते त्यांनी पाहिलं. नव्या ठिकाणी आजूबाजूची परिस्थिती जुन्यासारखीच राहिली तिथं सवय चालू राहिली. परिस्थिती बदलली तिथं ती आपोआप होईनाशी झाली, आणि मग रोज मनात ठरवून करण्याची वेळ आली. त्यात चांगल्या सवयी मोडल्या तशा वाईटही मोडल्या. म्हणजे गाव सुटल्यावर नवं काही लावून घ्यायची संधीही मिळते. ३ वर्षांपूर्वी ती संधी मोबाईलने आधी साधली, एवढंच.

आता पाच वाजताचं. पहाटे पाचचं हे खूळ शहरातल्या शिफ्टवाल्या पोरांना किती छळतं, ते मी रोज बघते आणि मला त्याचा मनापासून राग येतो. पहिल्या शिफ्टला तुम्ही पाचला उठताच. दुसऱ्या शिफ्टला रात्री बारापर्यंत अंग टेकत नाही, तेव्हा पाचला उठणं म्हणजे झोप मारणं. रात्रपाळीत पाच वाजता तुम्ही मशीनवर उभे असता. ज्याच्या आयुष्यातली पहाटच दर आठवड्याला जागा बदलते, त्याने पहाटेला सवय बांधली तर ती मोडणारच. चारही वेळा दहा दिवसांच्या आत मोडली, यात मला नवल वाटत नाही. शिफ्टचा आठवडा सातच दिवसांचा असतो.

तुमचे वडील पेरणी तारीख बघून करत नाहीत. मृग लागला म्हणून कुणी कोरड्या वावरात सोयाबीन टाकलं तर शेजारी त्याला अडवतात. पाऊस पडावा, जमिनीत ओल जावी, वाफसा यावा, मग तिफण निघते. दिवस कुठला आहे याला तिथं महत्त्व नाही, काय घडलंय याला आहे. तुम्हालाही घड्याळ बाजूला ठेवून तिन्ही शिफ्टमध्ये न चुकता घडणारी एक घटना शोधायची आहे. एका कागदावर तुमचा दिवस लिहा आणि प्रत्येक गोष्टीला विचारा: ही पहिल्या शिफ्टला होते का, दुसऱ्या शिफ्टला होते का, रात्रपाळीलाही होते का? चहा होतो, पण तो दिवसातून पाच वेळा होतो, म्हणून तो कच्चा खुंटा. जेवण होतं, पण कधी कँटीनमध्ये, कधी मेसमध्ये, कधी खोलीवर. अंघोळ टँकरवर अवलंबून. असं गाळत गेलात की दोन-तीनच गोष्टी उरतील, आणि त्यातली सगळ्यात पक्की माझ्या मते ही: खोलीच्या दारात सेफ्टी शूज काढणं.

विचार करून बघा. ते कामाच्या दिवशी एकदाच होतं. शिफ्ट कुठलीही असो, त्याच दारात, त्याच जागी होतं. ते झाल्यावर कंपनी संपते आणि खोली सुरू होते. आणि सध्या नेमक्या त्याच क्षणी तुमचा हात खिशातल्या मोबाईलकडे जातो. बूट काढायचे, गादीवर आडवं व्हायचं, अंगठा फिरवायचा, ही तुमची आजची सवय आहे. ती तुम्ही न ठरवता लागली आणि ३ वर्षं एकही खाडा न होता टिकली. ज्याला शिस्त नाही असं तुम्ही म्हणता, त्याच माणसाने ती टिकवली. तेव्हा खुंटा तयारच आहे, त्याला बांधलेलं जनावर फक्त बदलायचं.

बदल असा. बूट काढले की वही. गादीवर बसायच्या आधी, उभ्यानेच किंवा दारातल्या पायरीवर बसून, गणिताचं एक उदाहरण. एकच. तुम्हाला हे फारच कमी वाटेल, याची मला खात्री आहे, कारण हे ऐकून प्रत्येकाचा चेहरा पडतो. तुमच्या डोक्यात रोज दोन तास आहेत. पण दोन तास हे पीक आहे, आणि आपण अजून पेरणीवर आहोत. पहिले काही आठवडे उदाहरण किती सोडवलीत याचा हिशोबच ठेवू नका. बूट काढल्यावर वही उघडली गेली की नाही, एवढाच. उघडली की बहुतेक दिवशी एकाची तीन होतील. नाही झाली तरी एक झालंच.

'किती दिवस?' हा पुढचा प्रश्न असतो. २१ दिवसांत सवय लागते, हे तुम्ही ऐकलं असेलच. ते मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणावरून पसरलं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण २१ दिवस तरी लागतात, असं त्यांना दिसलं होतं. चेहऱ्याला सरावणं वेगळं आणि रोज गणिताला बसणं वेगळं. खरं मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. ९६ जणांनी आपापली एक नवी सवय निवडली आणि १२ आठवडे तिची नोंद ठेवली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसात फरक केवढा, तर कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५४ (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे नोंदींवरून काढलेला अंदाज आहेत). ग्लासभर पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर बसली, व्यायामाला जास्त वेळ लागला. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट अशी की, मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या प्रक्रियेवर म्हणावा असा परिणाम झाला नाही.

तुमच्यासाठी मी हिशोब जरा वेगळा मांडते. दिवस मोजू नका, फेरे मोजा. तिन्ही शिफ्ट एकदा फिरून आल्या की एक फेरा, म्हणजे ३ आठवडे. पहिल्या फेऱ्यात प्रत्येक शिफ्ट नवीच वाटेल, पहिल्यापासून सुरुवात केल्यासारखं होईल. दुसऱ्या फेऱ्यात 'रात्रपाळीत हे कसं करायचं' ते आठवेल. ४ फेरे झाल्याशिवाय स्वतःबद्दल कुठलाही निकाल देऊ नका. तुमचे आधीचे चारही प्रयत्न एक फेरासुद्धा पुरा व्हायच्या आत संपले, म्हणजे खरी परीक्षा झालेलीच नाही.

चुकलेल्या दिवसाबद्दल अजून बोलायला हवं, कारण माझ्याकडे येणारी निम्मी दुखणी तिथली असतात. एक दिवस चुकला की माणूस म्हणतो, आता सोमवारपासून. सोमवार चुकला की १ तारखेपासून. ही दुबार पेरणी आहे. दुबार पेरणीचा खर्च काय असतो ते मराठवाड्यातल्या पोराला मी सांगायला नको: बियाणं पुन्हा, खत पुन्हा, आणि मुख्य म्हणजे गेलेला हंगाम परत येत नाही. पण पावसाने ताण दिला म्हणून कुणी उभं पीक लगेच मोडत नाही. विहिरीत थोडं पाणी असलं तर एखादं संरक्षित पाणी देतात. त्याने उतारा वाढत नाही, पीक तेवढं जगतं. प्रत्येक सवयीला असं एक संरक्षित पाण्याचं रूप आधीच ठरवून ठेवा, ताणाच्या दिवशी ठरवायला जाऊ नका. ओव्हरटाइम लागला, डबल ड्युटी झाली, गावाकडून कुणी दवाखान्यात आलं आणि रात्र घाटीच्या सरकारी रुग्णालयात गेली, अशा दिवशी फक्त वही उघडायची, वर तारीख टाकायची आणि मिटायची. वीस सेकंद लागतात. मी हे सांगते तेव्हा काहीजण म्हणतात, ही तर फसवणूक झाली. मला तसं वाटत नाही. त्या दिवशी बूट आणि वही यांच्यातलं दावं तुटलं नाही, तुम्हाला तेवढंच हवं होतं.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते. मी सिडकोत राहते. आमच्या शहराला पाणी पैठणहून, जायकवाडीतून येतं, पण नळाला रोज येत नाही; कित्येक वसाहतींत वर्षानुवर्षं ते मोठ्या खंडाने येत आलंय. पाण्याच्या दिवशी घरातलं सगळं वेळापत्रक उलटंपालटं होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं त्या वर्षी, आमच्याकडेही पाणी कधी सुटेल त्याचा नेम नव्हता. माझं वाचन तेव्हा पार थांबलं होतं. मी रात्री नऊची वेळ ठरवली, ती मोडली. सकाळची ठरवली, तीही मोडली. एकदा हौद भरेपर्यंत मोटरपाशी बसले होते, पाणी वाहून जाऊ नये म्हणून तिथून हलता येत नव्हतं. पाऊण तास मी फक्त चिडत बसले, आणि मग लक्षात आलं की आठवड्यातली माझी एकमेव न चुकणारी बैठक हीच आहे. दुसऱ्या दिवशी एक पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून हौदाशेजारच्या खिळ्याला अडकवलं. पाणी सुटलं की मोटर लावायची, स्टूल ओढायचं, पिशवी काढायची. त्या वर्षी माझं आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त वाचून झालं. पाण्याचा त्रास होता तेवढाच राहिला. पण ज्या गोंधळाने माझी सवय मोडत होती, त्यालाच मी ती बांधली, आणि तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारते की तुमच्या दिवसातला न टळणारा त्रास कुठला?

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाई मला या संदर्भात नेहमी आठवतात. दासीचं आयुष्य, वेगळी सवड कुठली? त्यांनी दळता-कांडताना नाम घेतलं. जातं रोज फिरणारच होतं. आमच्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्याही अशाच आल्या. म्हणून मी सांगतेय ते परदेशातून आलेलं नवं तंत्र आहे असं समजू नका. तिकडच्या लोकांनी ते मोजून दाखवलं, एवढंच.

आता मोबाईल. तुम्ही फिटर आहात, तेव्हा पोका-योके म्हणजे काय ते मी तुम्हाला शिकवायची गरज नाही. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेली, चूक मुळात होऊच न देण्याची ही पद्धत आज वाळूजमधल्या कुठल्याही लाइनवर दिसेल. पार्ट उलटा बसत असेल तर कामगाराला रोज 'लक्ष दे' म्हणून बोलत नाहीत. फिक्स्चरला एक पिन बसवतात, मग पार्ट उलटा बसूच शकत नाही. कंपनीत तुम्ही हे रोज बघता आणि खोलीवर येऊन स्वतःला मात्र 'लक्ष दे, लक्ष दे' म्हणत राहता. मोबाईलच्या बाबतीतही पिन बसवा. रीलचं ॲप काढून टाका. बघावंसं वाटलं तर ब्राउझरमधून उघडायचं, दरवेळी पासवर्ड टाकून. दाराशी, बूट जिथं काढता त्याच्या वर, एक खिळा आणि त्याला कापडी पिशवी. बूट खाली, मोबाईल पिशवीत, वही हातात. मोबाईल उशाशी चार्जिंगला लावू नका. चौघांना बोर्ड एकच असतो हे मला माहीत आहे, पण एक्स्टेंशन दाराकडे ओढता येतं.

"वडील एकटे असतात, फोन बंद कसा ठेवू?" हे तुम्ही लिहिलं नाहीये, पण तुमच्यासारखी बहुतेक मुलं म्हणतात, म्हणून आधीच सांगते. बंद ठेवूच नका. मोबाईलमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' असतं, त्यात ठरावीक नंबरांना मोकळीक देता येते. आई, वडील, बहीण आणि कंपनीतला सुपरवायझर, एवढे चार नंबर त्यात टाका. त्यांचा फोन वाजेल, बाकी सगळं गप्प. गावच्या ग्रुपवर सोयाबीनचा भाव, पावसाची बातमी, कुणाच्या मौतीचा निरोप येतो. तो ग्रुप सोडायला मी कधीच सांगणार नाही. गावापासून तुटलेला मुलगा शहरात आणखी एकटा पडतो. तो ग्रुप दिवसातून दोनदा बघा, जेवताना.

आणि एक समजून घ्या. तुम्ही रील आवडतात म्हणून बघता, असं तुम्हाला वाटतं. २०११ मधल्या एका प्रयोगात थिएटरमधल्या प्रेक्षकांना काहींना ताजं आणि काहींना आठवडाभर शिळं पॉपकॉर्न दिलं. ज्यांना थिएटरात पॉपकॉर्न खायची सवय होती, त्यांनी शिळंही ताज्याइतकंच खाल्लं, चव आवडली नाही तरीसुद्धा. तशीच सवय असलेल्या लोकांना मीटिंगच्या खोलीत बसवलं, तर त्यांनी शिळं कमी खाल्लं. थिएटरातही रोजच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तर सवय ढिली पडली. गादी हे तुमचं थिएटर आहे. मोबाईल बघायचाच तर पायरीवर बसून, डाव्या हातात धरून बघा. हे ऐकायला पोरकट वाटतं, पण माझ्याकडे आलेल्या मुलांना उपदेशापेक्षा याचा फायदा जास्त झालाय.

झोपेबद्दल मात्र मी कडक आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, झोप जमली पाहिजे. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, म्हणून सकाळी खोलीवर येताना टोपी आणि काळा चष्मा घाला, आल्यावर उन्हात गप्पा मारत थांबू नका. खिडकीला जुनी चादर दुहेरी करून लावा. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून सकाळी आठला झोपायचं असेल तर शेवटचा चहा मध्यरात्री दोनच्या सुमाराला. मार्च ते मे पत्र्याच्या खोलीत दुपारी झोप लागणं अवघड आहे, हे मी कबूल करते. तेव्हा आल्याआल्या झोपून जेवढी मिळेल तेवढी घ्या, आणि ड्युटीला निघायच्या आधी संध्याकाळी तास-दीड तास पुन्हा आडवं व्हा. दोन तुकड्यांत झाली तरी ती झोपच आहे. त्या आठवड्यात पळणं बंद. रात्रभर उभं राहून आल्यावर नगर रोडच्या कडेने पळणाऱ्या मुलाची मला काळजी वाटते, कौतुक वाटत नाही. पहिल्या शिफ्टला संध्याकाळी पळा, दुसरीला सकाळी नऊच्या आत, तेही गणित बसल्यावर. दोन्ही सवयी एकदम लावायला जाऊ नका. पहिले २ फेरे फक्त वही.

खोलीतल्या बाकी तिघांचं काय करायचं? तुम्ही त्यांच्याबद्दल जरा वैतागून लिहिलंय. मला वाटतं त्यांचीही अडचण तुमच्यासारखीच असणार, त्यांनी फक्त ती लिहून पाठवलेली नाही. गावचा अखंड हरिनाम सप्ताह आठवा. सात दिवस, रात्रंदिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पण कुणी एक माणूस सात दिवस वीणा घेऊन उभा राहतो का? पहारे लावतात, तास-दोन तासांचे, आणि कुणाचा पहारा कधी ते लिहून ठेवतात. मध्यरात्रीचा पहारा असलेला माणूस झोपेतून उठून येतो, कारण आधीचा हातात वीणा धरून त्याची वाट बघत असतो. माझ्याकडे आलेल्या तीन नर्सिंगच्या मुलींनी (तपशील बदलून सांगते) आपल्या खोलीत असंच केलं. दाराला एक कागद लावला. त्यावर कुणाची झोप कधी ते लिहिलं आणि रोजचा एक तास शांततेचा ठरवला. त्या तासाचा पहारा रोज एकीकडे. तिने त्या दिवशी अभ्यास केलाच पाहिजे असं नाही, खोली मात्र शांत ठेवायची. स्पीकर नाही, फोनवर बोलायचं तर बाहेर. भांडणं पहिल्याच आठवड्यात कमी झाली, कारण 'गप बस' म्हणायची जबाबदारी एकीवरच पडेनाशी झाली. तुम्ही चौघं वेगवेगळ्या शिफ्टला असाल तर असा तास रोज एकच ठेवता येणार नाही. पण 'कुणी झोपलेलं असेल तर इअरफोन' एवढा एक नियम तरी कागदावर येऊ द्या. तोंडी ठरवलेलं टिकत नाही.

अभ्यासिका लावू का, असंही काहीजण विचारतात. औरंगपुऱ्याच्या बाजूला पुष्कळ आहेत, पण रांजणगावाहून तिथं जाण्यायेण्यातच तुमचा जीव निघेल. पायी पोचता येईल अशी एखादी असली तर बघा, नाहीतर पैसे वाचवा.

तंबाखू, गुटखा किंवा सुट्टीच्या दिवशीची दारू यांचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, म्हणून त्यात शिरत नाही. त्या गोष्टींसाठी केवळ खुंटा बदलून भागत नाही, माणसाची मदत लागते. आणि एक मात्र नक्की तपासा. दोन-तीन आठवडे झोप लागतच नसेल, आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नसेल, जगण्यात काही अर्थ नाही असं वाटत असेल, तर तो सवयीचा प्रश्न नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फोन मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सुरुवात कधी करायची? येत्या सोमवारी नको, आज. शिफ्ट बदलायच्या आधीच्या सुट्टीच्या दिवशी बूट काढणं नसतं, तेव्हा त्या दिवशी वहीलाही सुट्टी द्या, किंवा कपडे धुऊन दोरीवर टाकले की पायरीवर बसून एक उदाहरण. मला दुसरं बरं वाटतं. वही शंभर पानी घ्या, बारीक आडव्या रेघांची, आणि दाराच्या त्याच खिळ्याला टांगा. पेन्सिल सुतळीने वहीलाच बांधा. चौघांच्या खोलीत सुटी पेन्सिल हाताशी सापडत नाही, आणि ती शोधायला आत गेलात की तुम्ही गादीवर बसलात. पहिल्या फेऱ्यातली उदाहरणं नववी-दहावीच्या पुस्तकातली, तुम्हाला येणारी निवडा. अडलेलं उदाहरण दमलेल्या माणसाने दारात बसून सोडवायचं नसतं, ते सुट्टीच्या दुपारी. चौथा फेरा संपला की कळवा, आणि मधे जिथं जिथं नुसती तारीखच टाकली असेल त्या पानांचे फोटोही पाठवा. मला तीच पानं आधी बघायची आहेत.